शेवंताकाकूच्या शेडचा पत्रा

मंडळी, आज आमच्या रॉक बँडचा पहिला अल्बम आला. सर्वात आधी जानेफळच्या शेवंताकाकूले ऐकवला.

सहा वर्षं आम्ही चौघं तिच्याच शेडमधी, सोयाबीनच्या पोत्यांत बसून वाजवतो. रेकॉर्डिंगही तिथंच केलं. बेस गिटार वाजली की वरचा पत्रा खडखडते. मंग गाणी साफ कराले पुण्याले पाठवली, तं तिथला स्टुडिओवाला म्हणे, "ही खडखड काढून टाकू." आम्ही ठेवली.

काकूनं दोन गाणी गुपचूप ऐकली. तिसऱ्याले ताडकन उठली.

"थांब बे! हा माह्याच शेडचा पत्रा वाजून राह्यला ना?"

"हाव काकू."

मंग माहा फोन घेऊन साऱ्या गल्लीत फिरली. आमच्या बँडचं नाव एकालेही सांगितलं नाही. "ऐका, माहा पत्रा होय हा!"

याच्याहून मोठी दाद कोणाले भेटली असन, तर खाली लिहा.