आवाज कमी कर की रं

स्टेजच्या मागं बसून राहणं हे माझ्या धंद्यातलं मुख्य काम आहे. गाणं त्या मानानं थोडंच. पाहुणे आल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. पाहुणे आले की दीपप्रज्वलन, मग हार, मग प्रत्येकाचं भाषण, आणि प्रत्येक भाषणात "मी जास्त वेळ घेणार नाही" हे वाक्य. तोवर मी जनरेटरच्या धुरात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असतो. घसा सुकू नये म्हणून घोट घोट पाणी पितो आणि मग लघवीला कुठं जायचं ते विचारत फिरतो. बघायला आलेल्या पोरांना वाटतं, ह्याची नुसती मजा आहे.

मी सोलापूरचा. रॅप करतो, आमच्या बोलीत. जिल्ह्यात बहुतेकांना माझं एकच गाणं माहीत आहे आणि त्या गाण्यातलंही एकच वाक्य. ते वाक्य मी म्हटलेलं नाही. ते माझ्या वडिलांनी म्हटलेलं आहे.

वडिलांना आम्ही घरात दादा म्हणतो. ते पाण्याचे चावीवाले होते. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या भागाची पाळी असेल त्या भागात लांब लोखंडी चावी घेऊन एक माणूस येतो, रस्त्यातल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह फिरवतो आणि मग गल्लीत पाणी येतं. त्या दिवशी त्या माणसाएवढा मोठा माणूस गल्लीत दुसरा नसतो. बायका त्यांना चहा विचारत, पाणी उशिरा आलं तर शिव्याही देत. दादा दोन्ही घेत. पहाटे उठायचं म्हणून संध्याकाळी दिवेलागण झाली की ते जेवून आडवे होत.

माझा मित्र बीट बनवायचा. आम्ही एका शाळेतले. तो शहराच्या पूर्व भागातला, विणकरांच्या घरातला. घरी तेलुगू, आमच्यात आला की सोलापुरी. त्याच्या घराला लागूनच मागांचा कारखाना होता, त्यामुळं तिथं रेकॉर्डिंग शक्यच नव्हतं. पुढं मुंबईहून मुलाखत घ्यायला आलेल्या एकानं मोठ्या श्रद्धेनं विचारलं होतं, "मागाची लय तुमच्या संगीतात कशी उतरली?" मित्र म्हणाला, "सर, तो खडखडाट नको म्हणून तर आमी ह्याच्या घरी पळून यायचो." ते त्यांनी छापलं नाही.

तर आमच्या दोन खोल्यांच्या घरात, दाराखिडक्यांना चादरी लावून, आम्ही पाण्याच्या पाळीवर गाणं रेकॉर्ड करत होतो. पिंपं, घागरी, बादल्या, पलीकडच्या गल्लीतल्या जावेला फोन करून "तुमच्याकडं आलं का?" विचारणारी बाई, असं सगळं त्यात होतं. मी जोरात म्हणत होतो. पलीकडच्या खोलीतून दादा ओरडले, "आवाज कमी कर की रं, पहाटं पाणी सोडायचंय मला!"

मी थांबलो. मित्रानं कानावरचा हेडफोन काढला आणि माझ्याकडं बघून हसायला लागला. "मालक, हे ठेवायचं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दादांना ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं.

"माझा आवाज असा हाय व्हय?"

"असाच हाय की," आई म्हणाली. "मला इचारा."

दादा विचार करून म्हणाले, "ठेवा. पण चावीवाला पाणी उशिरा सोडतो असं कुटं म्हणू नगा."

गाणं बाहेर पडलं आणि बघता बघता आमच्या हातातून निघून गेलं. रिक्षात वाजायला लागलं, वरातीत वाजायला लागलं. दादा चावी घेऊन निघाले की दारातल्या बायका म्हणत, "दादा, आवाज कमी करू का?" सुरुवातीला त्यांना ते आवडायचं. फेरीवर जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालायला लागले. चहाच्या टपरीवर कुणी फोन पुढं धरून म्हटलं, "एकदा म्हणा की," तर ते घसा साफ करून म्हणत, अगदी गाण्यातल्यासारखं. पण पुढं पुढं ते रस्ता बदलायला लागले. एकदा ते नात्यातल्या मयतीला गेले होते. प्रेत अजून उचललं नव्हतं आणि एकानं हळूच फोन काढला. दादा घरी येऊन न जेवता झोपले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "माणूस मेलाय तितं. आन् ह्यांना माझा आवाज पायजे."

माझंही तेच चाललं होतं, फक्त मला तक्रार करायला जागा नव्हती. पुण्यातल्या एका कंपनीनं बोलावलं. एसी खोलीत बसलेल्या माणसानं सांगितलं, "आम्हाला तसंच पाहिजे. पण वेगळं." मी लिहून नेलेलं त्यानं वाचलं आणि म्हणाला, "थोडं अजून गावाकडचं करा ना." मी बोलतो त्यापेक्षा जास्त हाय-न्हाय त्याला हवं होतं. तीन गाणी तशी केली. ती मलाच ऐकवेनात.

नंतर मी मनासारखं लिहायला लागलो. मित्राची आई बिड्या वळायची. दुपारभर सुपात तंबाखू आणि पानं घेऊन दारात बसलेली असायची, बोलता बोलता बोटं आपोआप चालायची. तिच्यावर मी एक गाणं केलं. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं गाणं आहे. कार्यक्रमात ते सुरू केलं की मागून ओरडा येई, "ते पाण्याचं लाव!" मग पाण्याचं लावायचं. सांगोल्यात, बार्शीत, जयंतीच्या मिरवणुकीत, गणपतीत, मोबाइलच्या दुकानाच्या उद्घाटनात, एकदा तर कुणाच्या बारशात. बाविसाव्या वर्षी गंमत म्हणून लिहिलेले शब्द पस्तिशीला आलो तरी मी म्हणतोय. म्हणताना मनात दुसरंच काहीतरी चाललेलं असायचं. गॅस संपत आलाय, टायर गुळगुळीत झालंय, असलं काहीतरी. आणि ओठ बरोबर जागच्या जागी हलत असायचे.

दादा निवृत्त झाले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी चहा पिताना त्यांचा कप तिरका झाला आणि चहा मांडीवर सांडला. त्यांना भाजल्याचं कळलंच नाही. उजवा हात गळून पडला होता. दवाखान्यात नेलं, जीव वाचला, हातही हळूहळू हलायला लागला. वाचा मात्र गेली. एकच शब्द राहिला, "व्हय".

"चहा देऊ?"

"व्हय."

"का नको?"

"व्हय."

आणि म्हणताना त्यांचे डोळे रागानं भरून येत, कारण त्यांना म्हणायचं ते हे नव्हतंच. सगळं डोक्यात आहे आणि तोंडापाशी येऊन वाट चुकतंय, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. आई दिवसभर त्यांच्याशी बोलत राही. मी समोर बसलो की मला काही सुचायचं नाही. शब्दांवर पोट भरणारा मी, बापाच्या उशाशी बसून पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचो.

त्याच दिवसांत मोडनिंबचा कार्यक्रम होता. तारीख आधीच दिलेली होती. स्टेजच्या मागं मित्र लॅपटॉप उघडून बसला होता. स्क्रीनकडं बघतच तो म्हणाला, "गाण्यातला काकांचा आवाज काढून टाकू का?"

"काढ," मी म्हणालो.

पाहुण्यांची भाषणं संपली, आमची पाळी आली. एक-दोन गाणी झाली आणि मैदानातून ओरडा सुरू झाला. पाण्याचं लावलं. ते वाक्य यायचं तिथं मित्रानं नुसता बीट सोडला होता. मला वाटलं, तेवढी जागा रिकामी जाईल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण अख्खं मैदान एका सुरात ओरडलं, "आवाज कमी कर की रं, पहाटं पाणी सोडायचंय मला!" बायका, पोरं, खुर्च्यांवर उभे राहिलेले गडी, सगळेच. अगदी दादांच्या हेलात, "की रं"वर जोर देऊन.

मी माइक खाली घेतला. मला रडू आलं नाही. मला फक्त खाली बसावंसं वाटलं. घरी तो माणूस "पाणी" एवढं म्हणायला सकाळपासून झटत होता, आणि इथं त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

उतरल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी मिठी मारली. भला माणूस. "एक नंबर! पब्लिककडनंच म्हणवून घेतलं की तुमी!"

"व्हय," मी म्हणालो, आणि माझाच शब्द कानावर पडून दचकलो.

दादांना बोलायला शिकवायला एक मॅडम येत. वयानं लहान, पण चिवट. त्या म्हणाल्या, ज्यांना साधं बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं, किंवा फार वेळा म्हटलेलं एखादं वाक्य आपोआप बाहेर पडतं. आरती, पाढे, असलं काही. त्यांना ते गाणं माहीत होतंच. "आपण ते लावून बघू या का?"

मला नको वाटत होतं. पण आईच्या चेहऱ्याकडं बघून तयार झालो. मित्रालाही बोलावून घेतलं. पलंगाभोवती आम्ही सगळे उभे राहिलो आणि त्यानं फोनवर गाणं लावलं. आधी माझा तेव्हाचा कोवळा आवाज आला, मग बीट थांबला, आणि खोलीत दादांचा धडधाकट आवाज घुमला. कितीतरी दिवसांनी तो घरात ऐकू आला होता. आईनं पदर तोंडाला लावला.

दादांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. चेहरा लाल झाला. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या. मॅडम पुढं वाकून म्हणाल्या, "हां दादा, म्हणा. आवाज..."

"बं..." दादा म्हणाले. "बं... बंद."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आई रडायलाच लागली. गाणं तोवर सुरूच होतं.

"बंद!" दादा पुन्हा म्हणाले, आणि ह्या वेळी अगदी स्वच्छ.

मित्रानं घाईघाईनं फोन बंद केला. आधी आई हसली, मग आम्ही सगळे. दादाही हसले, अर्ध्या ओठानं. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की गाण्यानं त्यांना वाचा आली. मी तिला काही म्हणत नाही. पण मी समोर होतो. गाण्यानं वाचा आली असेलही, पण त्या वाचेनं त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं होतं. त्यांनाही त्याचा माझ्याइतकाच कंटाळा आला होता.

त्यानंतर कुणाचा फोन आला की मी आधीच सांगायला लागलो, पाण्याचं गाणं म्हणणार नाही. समोरचे थोडं थांबून म्हणत, "बरं, कळवतो." बहुतेक जण कळवत नसत. मित्राला मी सगळं सांगितलं. तो चिडला नाही.

"तू म्हणशील तसं, मालक. पण मग मला दुसरं बघावं लागंल."

त्याच्या मेव्हण्याचा शाळेचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. तिथं तो जायला लागला. आमचा एकत्र शेवटचा कार्यक्रम नातेपुत्याला झाला, एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, भर दुपारी. पोरं "पाणी, पाणी" ओरडत होती. मी बिड्यांचं गाणं सुरू केलं. मागची पोरं उठून गाड्यांकडं गेली. पुढच्या मुली बसून राहिल्या, कारण त्यांच्या शेजारच्या खुर्च्यांवर शिक्षक बसले होते. मी शेवटपर्यंत म्हटलं. एकही ओळ गाळली नाही, कुठंही घाई केली नाही. गॅस, टायर, काही डोक्यात आलं नाही. संपल्यावर तुरळक टाळ्या पडल्या.

परतताना रस्त्यावरच्या एका हॉटेलात चहाला थांबलो. मी विचारलं, "तुझ्या आईला कधी ऐकवलंस का रे हे गाणं?"

"न्हाय."

"का?"

"ती म्हणंल, दिवसभर बिड्या वळून बोटं मोडायलीत, आन् परत त्याचंच काय ऐकवायलास!" दोघंही पोट धरून हसलो. मग तो युनिफॉर्मच्या कापडाचं सांगायला लागला. रंग जातो, शाळा परत पाठवतात, असं काही. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण तो मन लावून सांगत होता आणि मी ऐकत राहिलो.

दादांना आता बरेच शब्द येतात. शिव्या आधी आल्या, मग भाज्यांची नावं. संध्याकाळी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि कट्ट्यावर बसून लोकांचं ऐकतात. मी दुकानांच्या जाहिरातींना आवाज देतो. सेल लागलाय, सूट आहे, त्वरा करा. घसा जास्त लागत नाही आणि घरच्या घरी काम होतं. कधी दुपारी चार ओळी सुचल्या तर फोनमध्ये म्हणून ठेवतो. पुढं त्याचं काय करायचं ते ठरवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मंद्रूपला बाजाराच्या दिवशी एका कापडदुकानाचं उद्घाटन आहे. त्यांना गाणं नकोय, माइकवर नुसतं बोलणारा माणूस पाहिजे. जाईन. ऊन फार असतं तिकडं, टोपी न्यावी लागेल.