एकतर्फी साकव

आधी मागणी सांगते, कारण आमच्या पत्रकांची तीच शिस्त आहे. पॅकिंगमधल्या बायकांना हवेतल्या गॅसचा आकडा बघायचा होता. बस, एवढंच. पगारवाढ नाही, बोनस नाही, सत्कार तर नाहीच नाही.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली ती रसायनांची कंपनी. नाव सांगत नाही, शेजारच्या कंपन्यांना उगाच आपण सुटलो असं वाटायला नको. पॅकिंगच्या भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती: आकडा या मर्यादेच्या वर गेल्यास सर्वांनी ताबडतोब बाहेर यावे. आणि आकडा कुठे दिसायचा? पलीकडच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसमधल्या थंडगार केबिनमध्ये. मीटर बायकांच्या डोक्यावर, आकडा साहेबांच्या टेबलावर. अशी पाटी लावायला लाज कशी वाटत नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

मी दिवसा नेटवर्कची कामं करते आणि संध्याकाळी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. घर मुरब्याला, आई मासे विकते, त्यामुळे हळू बोलायला कुणी शिकवलंच नाही. पण त्या दिवशी मी कंपनीत भांडायला गेले नव्हते, कामाला गेले होते. व्यवस्थापकांना पॅकिंगचे कॅमेरे आपल्या टेबलावरून बघायचे होते.

अडचण अशी होती की सगळ्या वायरी जिथे जुळतात त्या एकाच स्विचवर ऑफिस आणि प्लांट अशी दोन वेगळी नेटवर्कं आखलेली होती. आमच्या भाषेत दोन व्हीलॅन. एकाच गावातले दोन पाडे समजा, मध्ये ओहोळ, आणि ओहोळावर साकव नाही. इकडचा निरोप तिकडे जात नाही. स्विचमध्ये राउटिंग चालू करायचं, दोन्ही पाड्यांना आपापलं गेटवे, म्हणजे बाहेर पडायची वाट द्यायची, की झाला साकव.

स्विच पॅकिंगच्याच कोपऱ्यात होता. मी लॅपटॉप उघडून बसले, तर तिथली सगळ्यात जुनी कामगार बाई जवळ आली. मनोरकडच्या डोंगरातून रोज येणारी.

"बाय, तू कॅमेरेवाली काय?"

"नाय मावशी, वायरवाली."

"म्हंजे आमी कितींदा मुतायला जातो ते आता वर दिसंल."

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. मग ती म्हणाली, "डोले चुरचुरतात. सायबाला सांगलं तर म्हंतो आकडा नॉर्मल हाय. मंग दाव ना आमाला! आमी काय खाऊन टाकू तुजा आकडा?"

समोर भिंतीवर एक टीव्ही होता. तो दिवसभर 'सुरक्षा प्रथम' असं म्हणत राहायचा. तोही प्लांटच्या नेटवर्कवरच होता.

राउटिंग चालू करून वर केबिनमध्ये गेले, तरी तिथे कॅमेरे दिसेनात. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुमचा स्विच बोगस दिसतोय."

"स्विच ठीक आहे. तुमची हाक कॅमेऱ्यापर्यंत पोचते. उत्तर कुठल्या वाटेनं पाठवायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

मी परत खाली जाऊन प्रत्येक कॅमेऱ्यात गेटवे भरलं. टीव्हीच्या डब्यातही भरलं. वर आले तर चित्र आलेलं. साहेब खूश. लगेच बोट दाखवून म्हणाले, "ती कोपऱ्यातली बसलीय बघा." मग एकदम आठवल्यासारखं, "प्लांटमधून आमचं काही दिसत नाही ना?"

"दिसतं. तुमचा गॅसचा आकडासुद्धा आता त्या टीव्हीवर लागतो. लावून बघितला."

"बंद करा. त्यांचं आम्हाला दिसलं पाहिजे, आमचं त्यांना नको."

एका बाजूनंच जाता येतं असा साकव कुणी बघितलाय? स्विचमध्ये मात्र बनवता येतो. काय अडवायचं त्याचे नियम लिहिता येतात. हिशेब, पगार, ऑफिसचे बाकीचे संगणक मी त्यांच्यासमोरच प्लांटसाठी बंद केले. ते रास्तच होतं, न सांगताही केलं असतं.

"गॅसपण," ते म्हणाले. "बायका घाबरतात. त्यांना त्यातलं कळत नाही."

"मर्यादा तुम्हीच त्यांच्या भिंतीवर रंगवलीय. मोठा आकडा कुठला, छोटा कुठला, हे न कळणारी बाई माझ्या आईला बाजारात भेटली असती तर आमचा बंगला झाला असता."

ते हसले नाहीत. मी कीबोर्डवर बोटं ठेवली. "नियमाच्या वर शेऱ्याची ओळ लिहायची माझी पद्धत आहे, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून. सांगा, काय लिहू? कामगारांना गॅसचा आकडा दिसू नये. आणि कुणाच्या सांगण्यावरून?"

"असं लिहायची काय गरज आहे?"

"मग कसं लिहू?"

त्यांनी माझ्या नेटवर्क कंपनीच्या मालकाला फोन लावून माझ्या हातात दिला.

"अगं बाई, तुला नेटवर्क करायला पाठवलंय की मोर्चा काढायला?"

"नेटवर्कच करतेय. मोर्चा असता तर आवाज तुम्हाला फोनशिवाय आला असता."

"ते म्हणतील तसं कर."

"तेच विचारतेय त्यांना. ते म्हणतच नाहीत."

साहेबांनी फोन परत घेतला, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बघू." आणि जेवायला गेले.

बघू! आमच्या प्रत्येक अर्जाचा खून याच शब्दानं केलाय. पण त्या दिवशी अडवायचं त्यांना होतं. 'नाही' लिहायला कुणी धजावलं नाही, म्हणून 'हो' चालू राहिलं. मी सेटिंग सेव्ह केलं आणि खाली जाऊन टीव्हीवर आकडा लावला.

बायका जेवून आल्या, आकडा बघितला, कामाला लागल्या. मी वायरी आवरत होते. बऱ्याच वेळानं आकडा चढायला लागला, आणि पाटीवरच्या मर्यादेच्या वर गेला. मनोरकडच्या त्या मावशीनं गोणी शिवायचं मशीन बंद केलं. "चला गं."

सुपरवायझर धावला. "अरे किधर? सायरन बजा क्या?"

"तुजा भोंगा तुज्यापाशी ठेव. आमाला आकडा दिसला."

सगळ्या बाहेर येऊन दारासमोर सावलीत बसल्या. उघड्या दारातून टीव्ही दिसत होता. थोड्या वेळानं आतला, गॅस बाहेर फेकणारा मोठा पंखा घरघरायला लागला. 'पार्ट मागवलाय' म्हणून तो कधीपासून बंद होता. पार्ट बहुतेक चालत आला असावा.

मग व्यवस्थापक स्वतः खाली आले. "चला चला, नॉर्मल झालंय आता, आत चला."

मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टीव्हीकडे बघत म्हणाली, "नाय झाला. अजून थोडा वर हाय. थांबा जरा."

आणि साहेब थांबले. बायका बसल्या होत्या, ते उभे होते, आणि सगळे एकाच आकड्याकडे बघत होते.