बेंडिगोचा सॅपर

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मला जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या एका ब्रिटिश इंजिनिअर रेजिमेंटमध्ये तात्पुरत्या अटॅचमेंटवर पाठवलं. मी भारतीय सैन्यातला सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअर, रँक कॅप्टन. काम महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब काढण्याचं.

शनिवारी दुपारनंतर मेस रिकामी होई. ब्रिटिश अधिकारी बायकामुलांकडे जात. लांब टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियन कॅप्टन टॉम हेन्सी. काही आठवडे असेच जेवलो. मग एकदा तो प्लेट उचलून समोर आला.

"शिंदे, इथे बसतो. तिकडे मीठ नाही."

"आहे. मला दिसतंय."

"असेल," म्हणाला आणि बसला.

त्यानंतर तो आपल्या शहराबद्दल बोलायचा. बेंडिगो, समुद्रापासून दूर, आतल्या मुलखातलं. सोनं सापडलं म्हणून वसलेलं. सोन्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या भारदस्त इमारती, रस्त्यांखाली खाणी. चिनी खाणकामगारांचे वंशज ईस्टरला मुख्य रस्त्यावरून लांबलचक ड्रॅगन नाचवत नेतात.

"समुद्र कधी पाहायचात तुम्ही?"

"आजोबांनी एकदाच पाहिला. इंग्लंडहून येताना."

आजोबा खाणीत होते. लोखंड न सांगता तुटतं, लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, यावर त्यांचा भरवसा. खाली काम सुरू करण्याआधी ते जवळची सगळी यंत्रं थांबवायला लावत, गप्प उभे राहून आधाराची लाकडं ऐकत. टॉमने ती सवय उचलली होती.

मार्चमध्ये नदीकाठच्या वस्तीत, नव्या घराचा पाया खणताना बॉम्ब सापडला. वस्ती रिकामी केली. बॉम्ब मऊ जमिनीत खोल गेला होता. आम्ही त्याच्यापर्यंत शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, खणला आणि बाजूंना लाकडी फळ्या ठोकल्या. पाणी उपसायला पंप होता. तो ब्रांट नावाचा जर्मन चालवत होता. टॉम तळाशी उतरला. वर फील्ड टेलिफोनवर मी.

"शिंदे, पंप बंद करा. लाकूड ऐकायचंय."

मी ब्रांटला सांगितलं. तो हसला. "लाकूड जर्मन आहे. कॅप्टनला कळेल का?"

मी ते खाली कळवलं.

"त्याला सांग, माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलतं."

"बरं, बरं. पण लवकर उरका," ब्रांट म्हणाला आणि पंप बंद केला.

सगळे गप्प उभे राहिलो.

"टॉम, रिपोर्ट."

"लाकूड गप्प आहे. ऑल वेल." मग थोड्या वेळाने, "शिंदे, तळ हलतोय."

"वर ये. ब्रांट, पंप!"

"बूट अडकलेत."

पंप सुरू झाला. वरच्या चौघा जवानांनी टॉमच्या कमरेला बांधलेला दोर ओढला. दोर ताणला, वर आला नाही. टेलिफोनवर तो म्हणाला, "जरा थांबा, एक पाय सुटतोय." पुढे लाइन बंद पडली.

एकही फळी मोडली नव्हती. बेंडिगोच्या खडकात धोका माथ्यावरून आणि बाजूंनी येतो. इथे जमीन रेताड होती आणि नदी जवळ. पंप थांबताच पाणी खालून वाळू घेऊन चढलं. लाकडाला त्याची खबर लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढलं. बॉम्ब दुसऱ्या टीमने निकामी केला. लोक आपापल्या घरी परतले. टॉमला जर्मनीतच, लष्करी दफनभूमीत पुरलं. दगडावर नाव, रँक आणि वय आहे. गावाचं नाव नाही.

साठच्या दशकात त्याच्या बहिणीशी माझा पत्रव्यवहार होता. तिने कळवलं की बेंडिगोच्या स्मारकावर युद्धात पडलेल्यांचीच नावं असतात. टॉम गेला तेव्हा त्याचा देश तिथे लढत नव्हता, म्हणून त्याचं नाव बसत नाही.

कॅप्टन टॉम हेन्सी, इंजिनिअर्स. राहणार बेंडिगो.