प्रश्नकर्ता हजर असो वा नसो

मेलेल्या माणसालाही त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच पाहिजे, असं मानणारा आमदार सबंध महाराष्ट्रात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ‘मुलीचे मामा आमदार आहेत’ एवढंच सांगितलं आणि आमच्या घरच्यांनी तेवढ्यावर माना डोलावल्या. मामा विधान परिषदेवर होते, म्हणजे त्या वरच्या सभागृहात, जिथं माणूस नेमका कसा पोचतो हे गावात कुणालाच धड ठाऊक नसतं. सांगवीपासून इंदापूरच्या धरणकाठापर्यंत एकाही शेतकऱ्यानं त्यांना थेट मत दिलेलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षाही नव्हती. मामांना हे मान्य नव्हतं. “मत दिलं न्हाय म्हणून काय झालं? कायदा त्यास्नी लागू हाय न्हवं?” असं म्हणून ते प्रत्येक अधिवेशन संपलं की गावोगाव अहवाल द्यायला निघत.

माझी बारामतीत टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. एमआयडीसीत कारकुनी मिळेल या आशेनं आलेली मुलं-मुली तिथं दिवसभर खडखडाट करत. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. कॉम्प्युटर अजून आमच्या गल्लीत शिरला नव्हता. अधिवेशन उठलं की मामा मुंबईहून थेट माझ्याकडं येत, तेही एस्टीनं. एस्टीत आमदारांसाठी एक आसन राखीव असतं. त्यावर खरोखर बसलेला आमदार पाहायचा असेल तर मामांनाच पाहावं लागे. कंडक्टर त्यांना उठवी, मामा ओळखपत्र दाखवीत, कंडक्टर ते उलटंसुलटं करून परत देई आणि म्हणे, “आमदार आन् एस्टीत? उठा आबा, गंमत करू नगा.” असे वादविवाद करत आलेले मामा माझ्यासमोर अहवालाचे कागद टाकत आणि मी प्रती काढण्यासाठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायला बसे. आधी नवे कायदे, मग गावांची गाऱ्हाणी: कॅनॉलची पाळी, विजेचे खांब, शाळेचं गळकं छप्पर. पहिली ओळ ठरलेली असे: ‘प्रश्नकर्ता हजर असो वा नसो, त्यास कळविण्यात येते की.’ सुरुवातीला मला वाटलं, ही सरकारी भाषा असेल. मुंबईत जाऊन माणूस असं लिहायला लागतो, हे आपण चालवून घेतो.

मामांची सभा देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेच्या पडवीत भरे, दुपारी तीनला. कायदा सांगायची त्यांची तऱ्हाच निराळी. आधी कलम वाचायचं, मग अर्थ सांगायचा आणि मग समोर बसलेल्यांपैकीच कुणालातरी तो लावून दाखवायचा. लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा झाला, तेव्हा सांगवीच्या सभेत पुढं बसलेल्या चार भावांकडं बोट करून ते म्हणाले, “तुमच्या भनीचं लगीन अजून व्हायचं हाय. म्हंजी आजपासनं तुमी चार न्हाय, पाच.” चौघांनाही त्याच क्षणी जनावरांना पाणी पाजायची आठवण झाली. पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या त्या सुमारास एका गावी सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे यजमानच बसलेले होते. मामांनी त्यांना शांतपणे विचारलं, “तुमी कोण? शिपाई का?” यजमान उठले, बाई बसल्या आणि सभा संपेपर्यंत पदराआड हसत राहिल्या.

हे सगळं रंगात आलेलं असताना मामा मध्येच थांबत. सतरंजीवरच्या एखाद्या रिकाम्या जागेकडं बघत, मान तिरकी करून ऐकत, दोनदा “व्हय, व्हय” म्हणत आणि उत्तर देत. प्रश्न कुणीच विचारलेला नसे. “न्हाय शिरपतराव, तुमचा इजेचा खांब पुढच्या यादीत घेतलाय. बांधाच्या अंगाला बसंल, इहिरीच्या न्हाय.” सभा गार पडे, कारण शिरपतरावांना जाऊन दोन वर्षं झालेली असत. उत्तर संपल्यावर मामा थोडं थांबत, पुढच्याचं समाधान झालं की नाही ते बघत, आणि झालं नसेल तर तेच पुन्हा सोपं करून सांगत. हळूहळू गावांनी आपणहून एक नेम धरला. मामांच्या सभेची सतरंजी पसरली की मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी राहू लागली. गर्दी झाली तर लोक भिंतीला चिकटून उभे राहत, पण तिथं टेकत नसत. एकदा बदलून आलेला नवा ग्रामसेवक अजाणता तिथं जाऊन बसला. मामा कळवळून म्हणाले, “जरा सरकून घ्या सायब, ते आधीच अवघडून बसल्यात.” ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी रजेवर गेला तो महिनाभर आलाच नाही.

या सगळ्याचं मूळ मामांच्या वहीत होतं. लांबोडकी, काळ्या पुठ्ठ्याची वही. ज्यानं प्रश्न विचारला त्याचं नाव, गाव आणि प्रश्न तीत लिहायचा, आणि उत्तर त्याच्या समोर जाऊन सांगितल्याशिवाय ती ओळ खोडायची नाही. सरकारचं उत्तर यायला कधी चार वर्षं लागत, कधी पाच, आणि विचारणारा तेवढा दम धरेलच असं नसे. पण माणूस गेला, एवढ्या क्षुल्लक कारणावरून त्याची ओळ उत्तराविना खोडणं मामांना अन्यायाचं वाटे. लिहायचं काम माझ्याकडं असल्यामुळं सभांना मलाही जावं लागे. मला भीती वाटायची, हे कबूल करतो. बायकोला मात्र मी सांगायचो की मामांना ऊन लागतं.

वडगाव निंबाळकरला एका तात्यांनी एस्टीचा विनंती थांबा मागितला होता. थांबा मंजूर झाला तेव्हा तात्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत होते. मामा फोटोपुढं मांडी घालून बसले आणि त्यांनी आदेश जावक क्रमांकासकट वाचून दाखवला. मग बराच वेळ ऐकत राहिले. सुनेनं चहा आणला आणि भीत भीत विचारलं, “काय म्हणलं आमचं मामंजी?”

“म्हणत्यात, थांबा वडाखाली मागितला हुता. शाळंम्होरं कशाला दिला?”

सुनेनं कपबश्या आमच्यापुढं ठेवल्या. “जायाच्या आदल्या दिशी मला ह्येच म्हणत हुतं,” ती म्हणाली. “म्या कुणाला सांगितलं न्हाय.” मी अर्धा चहा तसाच ठेवून बाहेर आलो आणि मामा येईपर्यंत रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

पण मला सांगायचंय ते ठकूबाईंचं. इंदापूर तालुक्यात धरणाच्या पाण्याखाली जुनी गावं गेली आणि माणसं वर माळावर नव्या गावठाणांत आली. अशाच एका नव्या गावाच्या कडेला बौद्धांची वस्ती होती. तिला घरं मिळाली, हापसा मिळाला, शाळा मिळाली, पण स्मशानाला जागा मिळाली नाही. जुनी जागा नदीकाठी होती, ती पाण्यात गेली. गावच्या स्मशानात त्यांना येऊ द्यायचं नाही, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं आणि कुणी विसरतही नव्हतं. उन्हाळ्यात कुणी गेलं तर पाणी ओसरलेलं असे. लोक जुन्या गावाच्या गाळात जाऊन अंत्यविधी उरकत. पावसाळ्यात कुणी गेलं तर अख्खी वस्ती मयताभोवती दिवसभर विचार करत बसे. ठकूबाई सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून एमआयडीसीत कामाला जाई. मामांच्या प्रत्येक सभेला त्या पुढं येऊन बसत आणि एकच प्रश्न विचारत, “सायब, मी मेल्यावं मला कुठं न्यायाचं?”

मामांनी सभागृहात विचारलं, पत्रं पाठवली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. उत्तर एकच येई: बाब विचाराधीन आहे. मामा ते जसंच्या तसं ठकूबाईंना सांगत. त्या म्हणत, “बरं. तवर मी थांबते.” या एका वाक्यानं मामांची झोप उडत असे. “ती थांबलीय रं माझ्यासाठी,” ते मला म्हणत, आणि तेव्हा ते मला जरासेही चक्रम वाटत नसत.

मामांची मुदत संपायच्या वर्षी, ऐन मे महिन्यात, जागेचा आदेश निघाला. मीच त्याची टाइप केलेली नक्कल काढली. आम्ही वस्तीवर पोचलो तर ठकूबाईंच्या दाराशी माणसं बसलेली. त्या जाऊन बारा दिवस झाले होते. मुलगा म्हणाला, “लई वाट बघितली तिनं, आबा. शेवटी आमी खालीच न्हेली.” मामा ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग उठले आणि म्हणाले, “कुठं ते दाव.”

मुलानं काठावरून हात करून जागा दाखवली आणि तो तिथंच थांबला. आम्ही दोघं खाली उतरलो. टळटळीत दुपार. गाळाला हातभर रुंद भेगा पडलेल्या, बाभळीची काळी खुंटं, आणि त्यांच्यामधून सबंध गावाची जोती वर आलेली. कुठं उंबरा, कुठं जात्याची तळी. पाणी लांबवर नुसतं चमकत होतं, आवाज कशाचाच नव्हता. मामा सरळ चालत नव्हते. जुन्या गल्ल्यांनी चालत होते. जिथं भिंत असायची तिथं वळसा घालत होते. मीही वळसा घालत होतो. का, ते विचारू नका.

राखेचा डाग अजून होता. मामांनी हात जोडले. “जय भीम, ठकूबाई. जागा झाली.” आणि त्यांनी सगळा आदेश वाचला, गट नंबर, चतुःसीमा, सही, शिक्का. मग ऐकायला लागले. मी खाली बघत होतो. आमच्या दोघांच्या पायाशी आखडलेल्या सावल्या होत्या. तिसरी नव्हती, हे मी दोनदा बघून घेतलं. “जरा दमानं सांगा, हा लिहून घेतोय,” मामा समोर बघत म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “लिही. जागा दिली, पर तितं जायाचं कुठनं?”

मी लिहिलं आणि मग आदेश पुन्हा वाचला. जागेच्या चारही बाजूंना खाजगी शेतं होती. वाटेचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता. कचेरीच्या लक्षात आलं नव्हतं, टाइप करताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, “माझ्या बी ध्यानात आलं न्हाय बघ. त्या बाईच्या आलं.” काठापर्यंत मी त्यांच्या पुढं चालत आलो, मागं न बघता.

वाट निघण्यासारखी होती ती एकाच ठिकाणाहून, रंगनाथ नावाच्या ऊसवाल्याच्या बांधावरून. तो ऐकेना. “माझ्या उसातनं मढी न्हेणार व्हय? जमायचं न्हाय.” मामांनी कायद्याचं नावही काढलं नाही. वही उघडली आणि भिंतीवरच्या त्याच्या वडिलांच्या फोटोकडं तोंड केलं. “आबा, तुमच्या रानाला गाडीवाट नव्हती तवा शेजाऱ्याच्या बांधावरनं ती कुणी काढून दिली? ती मिळाल्यावं तुमी काय म्हणला हुता, त्ये ह्याला मी सांगू, का तुमी सांगताय?”

मामा फोटोकडं बघत शांतपणे वाट पाहत राहिले. रंगनाथनं एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा मामांकडं. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची म्हातारी आई म्हणाली, “रंग्या, दे. मला ह्याच घरात ऱ्हायाचं हाय.” त्यानं तिथंच संमतीपत्रावर सही केली.

वाट कागदोपत्री लागेपर्यंत श्रावण उजाडला. आम्ही ठकूबाईंना सांगायला गेलो तर धरण भरलेलं. गल्ल्या, जोती, राखेची जागा, सगळ्यावर पाणी. मामा काठावर उभे राहिले, दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. “हितनं ऐकू जायाचं न्हाय,” ते म्हणाले. “उन्हाळ्यात येऊ.” त्यानंतर मुदत संपली, पुन्हा कुणी त्यांना पाठवलं नाही, आणि थंडीत आपल्या गावी सांगवीला, दुपारचं जेवण करून पडले असताना मामा गेले. वस्तीतला एक म्हातारा त्या नव्या जागेत पहिला गेला. बैलगाडी बांधावरून नेली. म्हातारा गेल्याचं कळताच रंगनाथनं आपण होऊन कडेचा ऊस तोडून ठेवला होता. मामांची वही माझ्याकडंच राहिली होती. तीतल्या सगळ्या ओळी खोडलेल्या होत्या, ठकूबाईंची एक सोडून.

मे महिन्यात मी एकटाच गेलो. बायकोला इंदापूरला काम आहे म्हणून सांगितलं. गल्लीगल्लीनं चालत त्या जागेवर गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, “ठकूबाई, वाट झाली. गाडी जाईल एवढी रुंद आहे. मामांना यायला जमलं नाही.” कुणी काही बोललं नाही. मी ओळ खोडली. खोडताना मामांची इतकी आठवण आली की डोळे भरून आले, आणि त्या माणसाला आपण बायकोजवळ उन्हाचं निमित्त करून हसलो याची लाज वाटली.

वर काठाला आलो तेव्हा मला माझा बावळटपणा कळला. मामा जाऊन पाच महिने झाले होते. ही बातमी त्यांनी ठकूबाईंना गाठून पहिल्याच दिवशी सांगितली असणार. आणि त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेऊन लगेच पुढचा प्रश्न काढला असणार. तो लिहून घ्यायला मात्र मामांजवळ वही नव्हती. वही माझ्या पिशवीत होती. मी तिथंच काठावर बसलो, वहीचं कोरं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि थोडा वेळ थांबलो.