कार्पेटवरची उर्दू

माणसं भाषेवर प्रेम करतात, भाषेवरून भांडतात, पण भाषांची राखण करता करता इतका दमलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या डोक्यावर राहत होता. म्हणजे न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पाकिस्तानातल्या पंजाबात एका लहान गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर उर्दू शिकवली होती, आणि निवृत्त झाल्यावर मुलगा त्यांना आणि चाचींना अमेरिकेत घेऊन आला होता. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, नागपूरची इंजिनिअरिंगची डिग्री बॅगेच्या तळाशी, आणि दिवसभर पायात घोटाळणारी चार वर्षांची मुलगी. माझ्याकडे वेळच वेळ होता आणि चाचांकडे नियमच नियम, त्यामुळे आमचं जमलं.

त्यांचा मुख्य नियम जमिनीवर आखलेला होता. त्या अपार्टमेंटांमध्ये बाहेरच्या खोलीत मळकट पिवळं कार्पेट आणि स्वयंपाकघरात चौकड्यांचं लिनोलियम असायचं, आणि दोहोंच्या मध्ये एक ॲल्युमिनियमची पट्टी ठोकलेली असायची. आम्हाला त्या पट्टीला फक्त ठेच लागायची. चाचांना तिच्यात सरहद्द दिसली. कार्पेटवर उर्दू बोलायची, लिनोलियमवर पंजाबी. कार्पेटवर बसून चाचींना पंजाबीत पाणी मागितलं तर ते नियमभंगात धरलं जाई आणि लिनोलियमवर उभं राहून उर्दूत मीठ मागितलं तर तेही. दाराबाहेर इंग्लिश, हा तिसरा नियम मात्र चाचांचा नव्हता. तो मुलाने घातला होता, न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे पडले त्या वर्षीच्या हिवाळ्यात. दुकानात, पार्किंगमध्ये, बसस्टॉपवर आपली भाषा मोठ्याने बोलू नका, असं त्याने बापाला हात जोडून सांगितलं होतं. चाचांकडे इंग्लिश म्हणजे ‘फाइन’, ‘थँक यू’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ एवढंच. त्यामुळे तास तास गालिबाबद्दल बोलणारा हा माणूस दाराबाहेर पडला की नुसता मान डोलवत फिरायचा.

नियम घालणाऱ्यालाच नियम सर्वांत जास्त जाचतो म्हणतात, ते मी चाचांकडे पाहिलं. त्यांना राग यायचा तो पंजाबीतच. उर्दूत रागवायला गेले की वाक्य इतकं अदबशीर व्हायचं की ज्याच्यावर रागवायचं तो आभार मानून निघून जाई. म्हणून मुलावर संतापले की चाचा सोफ्यावरून उठत, गुडघ्यांवर हात टेकत पट्टी ओलांडत, लिनोलियमवर पाय रोवून त्याला मनसोक्त झापत, आणि परत कार्पेटवर येऊन ‘तशरीफ़ रखिए’ म्हणत. या येरझाऱ्यांनी त्यांचे गुडघे गेले असं चाचींचं मत होतं. हिशेबही त्यांना पंजाबीतच जमायचा. फोनकार्डावर किती मिनिटं उरली हे काढायला ते फ्रिजपाशी जाऊन पुटपुटत उभे राहत. त्यांची सात वर्षांची नात त्या घरातली सर्वांत हुशार व्यक्ती होती. ती नेमकी पट्टीवर उभी राहायची, टाचा एकीकडे आणि बोटं दुसरीकडे, आणि आजोबांनी डोळे वटारले की शांतपणे सांगायची, ‘‘आय ॲम ऑन द बॉर्डर, दादा.’’ बॉर्डरवर कोणती भाषा बोलायची हे चाचांनी ठरवलेलं नसल्यामुळे तिचं इंग्लिश कायदेशीर ठरायचं.

माझ्या हिंदीची तर त्यांनी पहिल्याच दिवशी झडती घेतली. आम्ही नागपूरकर स्वतःला हिंदीतले जाणकार समजतो, पण मी ‘मेरे को’ म्हटलं आणि चाचांनी डोळे मिटून घेतले. माझ्या पुणेकर नवऱ्याची हिंदी ऐकल्यावर मात्र त्यांनी मला बोलावून सांगितलं की तू बरी आहेस. मग एका गणपतीत आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. चार मराठी कुटुंबं होती आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एक दिल्लीचा मुलगा. तो आत आला मात्र, आम्ही सगळे हिंदीवर घसरलो. आरती संपल्यावर प्रसाद वाटतानासुद्धा मराठी बायका एकमेकींना ‘और लो ना’ करत होत्या, आणि तो बिचारा कोपऱ्यात कुणाशी तरी क्रिकेटबद्दल इंग्लिशमध्ये बोलत होता. चाचा सगळं बघत होते. जाताना त्यांनी विचारलं की तुमची भाषा कुठे ठेवता, स्वयंपाकघरात? मी म्हटलं, आमच्याकडे असं काही ठरलेलं नाही. त्यांना ते फार बेशिस्तीचं वाटलं.

चाची या सगळ्याकडे लक्ष देत नसत. त्या लिनोलियमच्या राणी होत्या. दिवसाचा बराचसा वेळ त्या तिथेच असत, आणि कार्पेटवर यावं लागलंच तर लग्नानंतर नवऱ्याने शिकवलेली उर्दू पाहुण्यांच्या कपबशांसारखी जपून वापरत. रोज दुपारी एकच्या सुमाराला त्या पट्टीच्या आत उभ्या राहून हाक मारायच्या, ‘‘आओ जी, रोटी खा लओ.’’ आमच्या छतातून ती हाक खाली यायची आणि माझी मुलगी ताट घेऊन बसायची. मी त्यांच्याशी मराठीत बोलायची, त्या पंजाबीत बोलायच्या, कणीक मात्र दोघींची सारखी मळली जायची.

आणि मग चाचींना अर्धांगाचा झटका आला. महिनाभराने हॉस्पिटलमधून आल्या तेव्हा उजवी बाजू गेलेली, आणि वाचा परतली ती अर्धीमुर्धी, आणि तीही फक्त पंजाबी. उर्दू पार पुसली गेली होती. त्यांचा वरखाली होणारा भाड्याचा पलंग बेडरूमच्या दारातून आत जाईना, तेव्हा तो बाहेरच्या खोलीत मांडला, कार्पेटच्या मधोमध. मी सूप घेऊन वर गेले तेव्हा चाचा उशाशी बसून त्यांना उर्दूत समजावत होते, औषध घ्या, घाबरू नका, अल्ला मेहेरबान आहे. चाची छताकडे बघत पडल्या होत्या. काही ऐकू येत असल्याची खूण चेहऱ्यावर नव्हती. मुलगा स्वयंपाकघरातून म्हणाला, ‘‘अब्बाजी, प्लीज, नियम सोडा ना आता.’’ चाचा उर्दूतच समजावत राहिले. मला त्यांचा राग आला, अगदी खरा राग आला. बायको अशी पडलेली आणि हा माणूस कार्पेट सांभाळत बसला आहे, असं मी खाली येऊन नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आमच्या दारात उभे. मला घराच्या सामानाच्या मोठ्या दुकानात घेऊन चल, म्हणाले. मी नुकती गाडी शिकले होते आणि दोघंही जीव मुठीत धरून गेलो. दुकानात मी बोलणार तर त्यांनी हाताने थांबवलं. बाहेर इंग्लिश, आणि तेही ज्याचं त्याने बोलायचं. फरश्यांच्या विभागातल्या माणसापुढे उभे राहून त्यांनी सगळं बळ गोळा केलं आणि ‘‘किचन फ्लोर, प्लीज,’’ म्हणाले. किती मोठं हवं, असं त्याने विचारलं. चाचांनी विचार केला. ‘‘फॉर वन वाइफ,’’ ते म्हणाले. त्या माणसाने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता एक तुकडा कापून गुंडाळी करून दिली.

परतताना मला राहवलं नाही. एवढा आटापिटा कशासाठी, नुसतं बोला ना त्यांच्याशी, असं मी म्हटलं. गाडीत दारं बंद होती म्हणून की काय, चाचा उर्दूत बोलू लागले. आमच्या देशात पठाण आहेत, सिंधी आहेत, बलोच आहेत, पंजाबी आहेत, प्रत्येकाचं बोलणं वेगळं, मग सगळ्यांनी बसायचं कुठे? ‘‘बैठक तो एक होनी चाहिए ना, बेटी. उर्दू हमारी बैठक थी. मगर सारी उम्र बैठक में कोई नहीं रहता, यह मैं भूल गया.’’ त्यांच्या शाळेत मुलं चपला बाहेर काढून वर्गात यायची. घरची भाषाही तिथेच काढून ठेवा, असं ते मुलांना सांगत, आणि जो वर्गात पंजाबी बोलेल त्याला बाहेर चपलांशेजारी उभं करत. ‘‘जूते तो जाते वक़्त सब पहन लेते थे,’’ ते म्हणाले. ‘‘ज़बान किसने पहनी, किसने वहीं छोड़ दी, मैंने कभी देखा नहीं.’’ आयुष्यभर राखण केली, आता थकलो, एवढंच शेवटी म्हणाले. कालचा माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला त्यांची फार दया आली.

घरी आल्यावर त्यांनी तो तुकडा पलंगाशेजारी कार्पेटवर अंथरला, कोपरे उचलू नयेत म्हणून दोन कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले, आणि मधोमध खुर्ची ओढून घेतली. बसून त्यांनी आधी पाय नीट त्या लिनोलियमवर आहेत ना ते पाहिलं. मग वाकून म्हणाले, ‘‘मैं एत्थे ई आं.’’ मी इथेच आहे, एवढंच. चाचींनी मान वळवली आणि डाव्या हाताने त्यांची बाही धरली. त्यानंतर वर्षभर, चाची गेल्या तोवर, चाचा जवळपास त्या तुकड्यावरच राहिले. तिथेच चहा प्यायचे, तिथेच पेपर वाचायचे, पेपर उर्दू आणि त्यावरची शेरेबाजी पंजाबी. नात शाळेतून आली की दोघांच्या पायांशी तिथेच बसून गृहपाठ करायची.

चाची गेल्यावर मी भेटायला गेले तेव्हा पलंग परत गेला होता, लिनोलियमचा तुकडा तसाच होता. माणसं येत होती, चाचा सगळ्यांशी कार्पेटवर बसून शुद्ध उर्दूत बोलत होते आणि येणारे-जाणारे त्या तुकड्याला वळसा घालत होते. दुपार उलटली तरी ते जेवायला उठेनात. मुलाने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. मग नात आली आणि पट्टीवर थांबली नाही, तुकड्यावर गेली नाही, सरळ कार्पेटवर आजोबांसमोर उभी राहून म्हणाली, ‘‘आओ जी, रोटी खा लओ.’’ उच्चार पक्का न्यू जर्सीचा होता. कार्पेटवर, पाहुण्यांदेखत, पंजाबी. चाचांनी खाली तिच्या पायांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘‘आया, पुत्तर,’’ ते म्हणाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उठले.

पुढे नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही दूर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला आलो. इथे स्वतःचं घर आहे आणि घरभर लाकडाची एकसलग जमीन. कुठे पट्टी नाही, कुठे ठेच लागत नाही. हिंदी, इंग्लिश, थोडीफार मराठी, सगळं त्या जमिनीवरून हवं तसं घरंगळतं, आणि मुलीला मी मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये येतं. भांडायचंही त्राण आता उरलेलं नाही. परवा मी गॅससमोर एक चटई टाकली. हे काय, तिने इंग्लिशमध्ये विचारलं. मी म्हटलं, यावर उभं राहिलं की मराठीत बोलायचं. तिने चटईकडे बघितलं, जरा विचार केला, आणि तिला वळसा घालून फ्रिजकडे गेली. मी रोज त्या चटईवर उभी राहून पोळ्या करते, आणि झाल्या की मुलीला तिथूनच जेवायला हाक मारते.