नातीचा पेपर मी लिहिला

माझ्या नातीला जन्मापासून दिसत नाही. धुळ्याला देवपुरातल्या कॉलेजात ती बी.ए. करते. तिची पुस्तकं तिची आजी वाचून दाखवायची. म्हातारी सातवी शिकलेली. मी चौथीत शाळा सोडली. पोळ्याच्या आधी म्हातारी गेली. तिचा चष्मा अर्ध्या वाचलेल्या धड्यात तसाच राहिला. थोड्या दिवसांनी नातच म्हणाली, "आबा, परीक्षा जवळ आली. आता तुम्ही वाचा." मी अडखळत वाचायचो, ती ऐकून घ्यायची.

परीक्षेत ती सांगेल ते लिहायला लेखनिक लागतो. तो कॉलेजनं द्यायचा. महिनाभर आधी अर्ज दिला. आम्ही राहतो अमळनेरला, तिथून एस.टी.नं मी दोनदा विचारून आलो. ऑफिसातला बाबू चहात बिस्कीट बुडवत म्हणायचा, "होऊन जाईल, आबा."

पेपरच्या दिवशी लेखनिक नाहीच. बाबूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आबा, शिकले किती तुम्ही?"

"चौथी."

"मग झालं तर. लेखनिक तिच्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. तुम्ही नियमात एकदम फिट बसता."

बाजूचे दोघे हसले. तोंडात थुंकी आली होती, ती गिळली. पोरीच्या वर्षाचा प्रश्न होता.

ती सांगायची, मी लिहायचो. तिला सगळं येत होतं, माझाच हात चालेना. मध्येच ती थांबली, माझ्या पेनाचा आवाज ऐकत राहिली, आणि मग उत्तरं छाटायला लागली. "बठ्ठं नका लिहू, आबा. एवढंच लिहा." शिकलेलं कापून कापून ती माझ्या हाताच्या मापाचं करत होती. अशा पोरांना जादा वेळ असतो म्हणे. पण घंटा झाली तसा वर्गावरच्या बाईंनी पेपर ओढला.

ओढला आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. वर मी 'श्री' लिहिलं होतं. पत्र असो की लग्नाची यादी, कोऱ्या कागदावर मी जन्मभर आधी श्रीच लिहीत आलो. पेपरवर अशी खूण चालत नाही, तपासणाऱ्याला ओळख दिल्यासारखं होतं, हे मला कोणी सांगितलं होतं? पेपर कॉपी केसमध्ये गेला.

आठ दिवसांनी चौकशीला बोलावलं. लिहायला एक माणूस महिनाभरात सापडला नाही यांना. चौकशीला पाच जण बसले होते. पाचांपुढे पाच चहा. किळस आली मला त्या खोलीची. मी म्हणालो, "चूक माझी. मला काय करायचं ते करा, पोरीचा पेपर तपासा."

त्यांच्यातले मोठे साहेब म्हणाले, "तुमचा संबंध नाही, आबा. खुलासा विद्यार्थिनीचा लागतो. तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात."

नात म्हणाली, "मग लेखनिक द्या, सर."

शेवटी त्या बाबूलाच तिच्याशेजारी बसवलं. कागद सरळ करत तो म्हणाला, "थोडक्यात सांग."

"नाही. मी सांगेन ते सगळं लिहा."

अर्ज कधी दिला, मी किती खेपा घातल्या, कोण हसलं, पेपर कसा ओढला, ती एकेक सांगत गेली आणि तो घाम पुसत लिहीत राहिला. पान भरलं, दुसरं मागवावं लागलं. तिचा निकाल अजून राखून ठेवलाय. त्या खुलाशाच्या पोचेवर शिक्का मारून घेतल्याशिवाय मात्र मी तिथून हललो नाही.