एका देवाजीच्या सहा शिश्या

देवाजी ड्रायव्हर जरीपटक्याहून पारशिवनीची बस चालवायचा. छप्पन साली त्याने नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि पंचशील असं घट्ट धरलं, की वरातीतसुद्धा कोणी त्याला घोटभर पाजू शकलं नाही. कंपनीचे बाकी पाचही ड्रायव्हर मोहाच्या दारूचे भक्त. ते त्याला ‘भंतेजी’ म्हणून चिडवायचे आणि झिंगले की घरी पोचवायला त्यालाच हाका मारायचे.

चौऱ्याहत्तर साली मालक भैय्याजींनी फर्मान काढलं, सगळ्या ड्रायव्हरांची डॉक्टरी तपासणी होणार. लघवी तपासणार, रक्तही तपासणार. पाचही जणांचं धाबं दणाणलं. लघवीत दारू दिसते आणि दिसली की स्टेअरिंग गेलं, अशी त्यांची पक्की समजूत.

“देवाजी, आता तूच तार गा,” नत्थूने हात जोडले. “तुह्यासारखं निर्मळ अंग कोनाचं आहे? आमच्याबी शिश्या भरून दे.”

“खोटं होते गा ते. चौथं शील मोडते.”

“तू नको ना बोलू. शिशी बोलन.”

बेवड्यांच्या तोंडी कोण लागणार! मित्रांपायी देवाजीने दारू न पिण्याचं पाचवं शील सांभाळता सांभाळता चौथं मोडलं. दवाखान्यामागच्या न्हाणीघरात त्याने सहाही शिश्या थोड्या थोड्या भरल्या. रक्त मात्र कंपाउंडरने ज्याचं त्याला समोर बसवून काढलं. तिथे उसनवारी चालली नाही.

आठवड्याने डॉक्टरांनी सगळ्यांना एकदम बोलावलं. ते भडकलेले होते.

“सहाही जणांच्या लघवीत अल्ब्युमिन! तेही एकसारखं! एका कंपनीतल्या सगळ्या ड्रायव्हरांची मूत्रपिंडं एकदम बिघडली का?”

नत्थूने देवाजीचा हात घट्ट धरला. देवाजी त्याच्या कानाशी लागला. “भेऊ नको गा, ते तुही थोडीच आहे. ते तर...”

तो बोलता बोलता थांबला.

“रक्तात मात्र पाच जण ठीक आहेत,” डॉक्टर सांगत होते. “एकाच्याच पांढऱ्या पेशी वाढल्यात. अंगात कुठे सूज असली की त्या वाढतात. ताप आला, गळू झालं तरी वाढतात, म्हणून नुसत्या तेवढ्यावर मी गेलो नाही. त्याच रक्तातला युरिया पाहिला. मूत्रपिंडं बिघडली की तो रक्तात साचतो, तोही फार वाढलेला आहे. देवाजी कोण?”

देवाजी उभा राहिला. ताप नाही, गळू नाही, खोकलाही नाही. डॉक्टरांनी त्याचा पायजमा वर सारून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

“कधीपासून आहे हे?”

“लय दिस झाले. सकाळी तोंडबी फुगते. बायको म्हनते, अंग भरून राहिलं.”

खरंच, त्याची बायको प्रेमिला अख्ख्या गल्लीत कौतुकाने तेच सांगत फिरायची. आम्ही शेजारीही माना डोलवायचो.

डॉक्टरांचा राग उतरला. सहा शिश्यांचं गणित त्यांना आता कळलं होतं. “देवाजी, तुमची मूत्रपिंडं कित्येक वर्षांपासून झिजत आली आहेत,” ते हळू आवाजात म्हणाले. “आजपासून बस बंद.”

“पन साहेब, म्या तर कधी थेंबबी घेतला नाही!”

“दारू न पिणाऱ्यालाही होतो हा आजार.”

देवाजी बाकावर बसला. मग नत्थूने टेबलावरची एक रिकामी शिशी उचलली.

“साहेब, माही घ्या,” तो रडत म्हणाला. “आता माही घ्या, अन् याच्या नावानं लिहा. याची गाडी बंद नका करू.”

तो शिशी घेऊन खरंच न्हाणीघराकडे निघाला. त्याला अडवायचं भान डॉक्टरांनाही राहिलं नाही. देवाजी मात्र बाकावर बसून नडगीवर पुन्हा पुन्हा अंगठा दाबून पाहत होता.